समुद्राच्या तळाशी दोन चाकं

राहुरीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच आहे. त्यातल्या त्यात जवळचा मुंबईचा, आणि त्यालाही घाट उतरून जावं लागतं. आमच्या कॉलनीतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला होता तो सहलीत, घोट्याइतका. त्यामुळे समुद्राच्या तळाशी पाणी कुठून कुठे जातं हे शोधणारा माणूस आपल्यापासून तिसऱ्या घरात राहतो, हे आम्हाला बरेच दिवस पटलं नव्हतं. काहींचं म्हणणं, नेव्हीत असतील, सांगत नाहीत. काहींचं म्हणणं, मोती काढत असतील, मग तर मुळीच सांगणार नाहीत.

डॉ. यशवंत सोनवणे हे मूळचे कर्जत तालुक्यातले. त्यांच्या पत्नी विमलताई आमच्या इथल्या कृषी विद्यापीठात मातीचा विषय शिकवायच्या, म्हणून बिऱ्हाड राहुरीला. सर स्वतः किनाऱ्यावरच्या एका सरकारी संस्थेत होते. रजा मिळाली की यायचे, कधी दोन दिवस, कधी कागदांची बॅग घेऊन महिनाभर. कर्जतकडच्या कोरड्या माळावरचा माणूस समुद्रात कसा गेला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, आमच्या गावात पाणी कुठून येणार यापेक्षा आलेलं गेलं कुठं, हाच प्रश्न जास्त असायचा. तोच पुढे वाढला.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. आमची पहिली भेट तिथेच झाली. गळीत हंगाम चालू होता, उसाच्या गाड्यांची रांग होती, आणि मधल्या एका रिकाम्या मिनिटात हे गृहस्थ सायकल लावून सरळ काट्याच्या लोखंडी फळीवर येऊन उभे राहिले. मी खिडकीतून हात केला, उतरा म्हणून. ते म्हणाले, "फक्त आकडा सांगा." मी सांगितला, सत्तर. मग ते जाऊन सायकलला अडकवलेली भाजीची पिशवी घेऊन आले आणि पुन्हा उभे राहिले. आकडा सत्तरच. त्यांना एवढा आनंद झाला की मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायचा थांबला.

"म्हणजे तुमच्या काट्याला माझी भाजी दिसत नाही," ते म्हणाले.

आमचा काटा दहा किलोच्या खालचं बघत नाही, ते त्याचं कामच नाही, असं मी जरा रागानेच सांगितलं. काट्यावर कुणी शंका घेतलेली मला चालत नाही. ते म्हणाले, शंका नाही, उलट सहानुभूती आहे. समुद्राच्या तळाशी पाणी सेकंदाला जेमतेम दोन-चार बोटं सरकतं. ते बघायला गेलेल्या यंत्राचंही पुष्कळदा असंच होतं, पाणी चाललेलं असतं आणि यंत्र म्हणतं, सत्तर. एवढं बोलून ते भाजी घेऊन गेले. संध्याकाळी विमलताई आमच्या घरी माफी मागायला आल्या. त्यांना सवय होती.

सर दिसायला किरकोळ, आवाज हळू. चेहरा असा की आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आले आहेत आणि ते अजून त्याला कळलेलं नाही. घरातल्या कुठल्याही पातेल्यात त्यांना प्रवाह दिसायचे. आमटीला उकळी आली की झाकण काढून बघत उभे राहायचे, मधून वर येतंय, कडेने खाली जातंय. विमलताई म्हणायच्या, यांना वाढलेली आमटी कधी आवडली नाही, उकळणारीच आवडते. एकदा त्यांनी घरच्या हौदात कपड्यांची नीळ सोडून बघितली, गार पाणी खालून कसं पसरतं ते. ते दिसलं छान, पण त्याच पाण्यात विमलताईंची दोन पातळं भिजली. त्या आठवड्यात आम्ही सरांना तिन्हीत्रिकाळ हॉटेलातून शेव-पाव नेताना पाहिलं.

पाण्याचा माणूस म्हणून लोक त्यांना हमखास विचारायचे, यंदा मुळा धरण भरेल का. ते म्हणायचे, मला तीन-साडेतीन किलोमीटर खोल पाण्यातलं थोडंफार कळतं. तुमचं धरण म्हणजे माझ्या हिशेबात ओलं फडकं. हे बोलणं कालव्यावरच्या एका बागायतदाराला इतकं लागलं की त्याने दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

माझ्या पुतणीच्या लग्नात मात्र त्यांचं ज्ञान आम्हाला उपयोगी पडलं. उन्हाळ्याचे दिवस, मंडपाच्या कोपऱ्यात लिंबू सरबताचं मोठं पिंप ठेवलेलं, खाली तोटी. आधी वरपक्षाला दिलं, ते सगळे खूश. मग आमची पाळी आली. आमच्याकडच्या मामांनी एक घोट घेतला आणि पेला तसाच खाली ठेवला. नुसतं पाणी. वरपक्षाला गोड आणि आम्हाला पाणी, हा सरळ अपमान होता, आणि मामा अपमानाची वाटच बघत असायचे. आवाज चढले. वरपक्षाचे एक काका म्हणाले, पिंप तुमचं, साखर तुमची, आचारी तुमचा, आम्ही काय तोटीत शिरलो होतो का?

सर पेला घेऊन पुढे झाले. त्यांनी आचाऱ्याला एवढंच विचारलं, साखरेचा पाक ओतल्यावर ढवळलं का. आचारी म्हणाला, वरून बर्फ टाकायचा होता, राहिलं. सर म्हणाले, गोड पाणी जड. ढवळलं नाही की तळाला जाऊन बसतं, आणि तोटी तळाला आहे. यात वरपक्षाचा कट नाही. मग त्यांनी स्वतः मोठा डाव घेऊन पिंप ढवळलं, पाक घालून पुन्हा ढवळलं, आणि मामांना पहिला पेला दिला. मामा पीत असताना त्यांच्या कानाशी म्हणाले, "समुद्रात खारं आणि गार पाणी असंच तळाला जातं. पण ते वर परत कोण ढवळून आणतं, याचा पत्ता जगात कुणालाच नीट नाही. तुमच्या लक्षात आलं तर कळवा." मामांनी मान हलवली. पुढे कितीतरी दिवस ते सांगत होते की मला एका शास्त्रज्ञाने काम दिलं आहे.

सरांचं आवडतं वाक्य एक होतं. वर वारा काय म्हणतो ते तळाच्या पाण्याला ऐकू येत नसतं. कारखान्याच्या निवडणुकीत तर ते इतक्या जणांनी वापरलं की दोन्ही पॅनेलांना ते आपलंच वाटायचं. पण सरांसाठी ती गंमत नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी लिहून ठेवलं होतं की बंगालच्या उपसागराच्या तळाशी दक्षिण ध्रुवाकडचं गार पाणी येतं, ते बारा महिने एकाच दिशेने, उत्तरेकडे सरकतं, आणि वर पावसाळा असो की हिवाळा, त्याला फरक पडत नाही. हे त्यांनी पाण्याची उष्णता आणि खारटपणा मोजून, त्यावरून गणित करून काढलं होतं. प्रत्यक्ष तळाशी यंत्र ठेवून वर्षभर पाहिलेलं नव्हतं. त्रिवेंद्रमला अय्यर नावाचे त्यांच्याच वयाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं, तिथलं पाणी कुठेच जात नाही, साठलेलं आहे. दोघं दर परिषदेत भांडायचे. सर म्हणायचे, अय्यरची आणि माझी मैत्री नाही. पण त्याला सर्दी झाली तरी मला कळतं.

आणि आता निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना संस्थेने त्यांना यंत्रं दिली होती, जहाजाचे दिवस दिले होते. ते दिवस चुकले तर त्यांची नोकरी असेपर्यंत पुन्हा पाळी येणार नव्हती. वीस वर्षं जे बोललो ते खरं की खोटं, हे एकदाच बघायला मिळणार होतं.

यंत्र तळाशी ठेवायचं कसं, हे त्यांनी मला आमच्या ओट्यावर समजावून सांगितलं. उलटा पतंग धरा, ते म्हणाले. खाली जड वजन तळाला बसलेलं. त्याला एक आकडा, म्हणजे हूक. आकड्याला दोर, दोरावर मधे मधे पाण्याचा वेग आणि दिशा टिपणारी यंत्रं, आणि सगळ्यात वर काचेचे पोकळ गोळे, ते दोर ताणून उभा धरतात. वर्षाने जहाज परत जातं, वरून पाण्यात विशिष्ट आवाज सोडतं, आकडा तो ऐकून उघडतो, आणि यंत्रं गोळ्यांबरोबर वर येतात.

"आणि वजन?" मी विचारलं.

"ते तिथेच राहतं. कायमचं."

हे वजनच त्यांना मिळत नव्हतं. जी वस्तू परत येणार नाही ती साठ्यात कशी दाखवायची, असा प्रश्न संस्थेतल्या कुणीतरी कागदावर लिहून ठेवला होता, आणि त्याचं उत्तर लिहायला कुणी धजत नव्हतं. जहाज मद्रासहून निघणार. दिवस भराभर जात होते. मग सरांना आमच्या कारखान्याचं भंगार आठवलं. बॉयलरमागे ऊस आत ओढणाऱ्या जुन्या गव्हाणीची दोन दातेरी चाकं गवतात पडलेली होती, एकेक पाचशे किलोच्या पुढचं. सरांनी ती पाहिली आणि माझ्या बायकोने नव्या पैठणीला लावावा तसा त्यांना हळूच हात लावला.

भंगार लिलावाशिवाय विकता येत नव्हतं, आणि लिलाव निघायचा तो सगळ्या ढिगाचा. देणगी मात्र देता येत होती. ते हातात होतं व्हाइस चेअरमन आबासाहेब वाबळे यांच्या. मी सरांना घेऊन गेलो. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. सरकारी जहाज, समुद्र, संशोधन, हे त्यांना पसंत पडलं.

"चाकं न्या की," ते म्हणाले. "पर आमच्या वडलांचं नाव घालायचं."

आमच्या भागात देणगीची वस्तू नावाशिवाय राहत नाही. शाळेतल्या पंख्याच्या पात्यांवर नाव असतं, आणि पंखा बंद असेल तरच वाचता येतं. स्मशानातल्या बाकांवर असतं. तेव्हा मागणीत नवल नव्हतं. तरी सरांनी प्रामाणिकपणे सांगून पाहिलं की तिथे काळाकुट्ट अंधार आहे, आणि वाचणारं कुणी नाही.

"वाचाया कशाला पायजे? नाव असल्याशी कारण. आन रंगानं नगं, वेल्डिंगनं घाला. रंग पान्यात टिकायचा न्हाई."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खोडीचा तो चेहरा मी ओळखला. ते गंभीरपणे म्हणाले, "मग अक्षरं चांगली उंच करा, आबासाहेब. खालचे मासे आंधळे असतात. चाचपून वाचतील."

आबासाहेबांनी लगेच वेल्डरला बोलावून अक्षरं बोटभर उंच ठेवायला सांगितली. कै. गेनुजी वाबळे यांच्या स्मरणार्थ.

ही बातमी दुसऱ्या पॅनेलचे संचालक अण्णा गागरे यांना कळायला एक दिवस पुरला. चाकं सभासदांच्या मालकीची, मग नाव एकाच घरचं का? त्यांचे वडील धोंडिबा गागरे हेही संस्थापकांपैकी होते. वाबळे आणि गागरे यांच्यात शेताच्या बांधापासून कारखान्याच्या खुर्चीपर्यंत एकही गोष्ट भांडणावाचून गेलेली नव्हती. बैठक झाली. चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी ठरलं, चाकं दोन, तर नावं दोन, प्रत्येकाला एक.

सगळे उठणार एवढ्यात फिटरने विचारलं की दोन्ही चाकं एकाच दांड्यावर एकमेकांवर बसवायची आहेत, तर वर कुठलं आणि खाली कुठलं?

सगळे परत बसले.

त्या दिवशी बैठक मोडली ती पुढच्या दिवसावर गेली, तिथून त्याच्या पुढच्या. गेनुजींवर धोंडिबा बसणार हे वाबळ्यांना मान्य नव्हतं, आणि धोंडिबांवर गेनुजी बसणार हे गागऱ्यांना. कुणीतरी चाकं शेजारी शेजारी ठेवा म्हणालं, पण मग दांडा तिरका होऊन दोर ओढला जाईल, ते सरांना चालणार नव्हतं. इकडे राहुरीहून कांद्याचा ट्रक मद्रासला निघत होता. त्याचे ड्रायव्हर शेखमामा चाकं गोण्यांखाली घालून फुकट न्यायला तयार होते. त्या ट्रकने ती गेली तर जहाजाला मिळत होती, पुढच्या ट्रकने गेली तर नाही. मी हे अंतर आणि रस्ते धरून मोजून पाहिलं होतं. सरांनी ते माझ्याकडून ऐकलं. ओट्यावर बसून चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढत होते.

मग उठले, आणि मला घेऊन आधी अण्णांकडे गेले.

"अण्णा, तुमच्या वडिलांचं चाक खाली ठेवू द्या," ते म्हणाले. "जहाजावरून सोडलं की ते तळाला आधी टेकणार. त्या जागी माणसाने केलेलं लोखंड आजवर कधी टेकलेलं नाही. पहिलं टेकेल ते धोंडिबांच्या नावाचं. गेनुजी त्यांच्या मागून येतील."

अण्णा विचारात पडले. मग हसू दाबत म्हणाले, मागून का होईना, येऊ द्या बापड्याला.

तिथून आम्ही आबासाहेबांकडे गेलो. तिथे सर म्हणाले की वरचं चाक म्हणजे सगळ्या दोराचा आधार. आकडा त्याला, यंत्रं त्याच्यावर, काचेचे गोळे त्याच्याच बळावर उभे. आणि एकदा बसलं की जगाच्या अंतापर्यंत वरच राहणार. आबासाहेबांनी फिटरला तिथूनच फोन केला. फोन ठेवताना त्यांना गागऱ्यांची थोडी कीवही आली असावी.

दोन्ही वेळा मी बाजूला उभा होतो. घरी आल्यावर मी ती दोन्ही बोलणी मनात तपासून पाहिली. त्यांत खोटं काहीही नव्हतं.

दांड्यावर बसवलेली चाकं ट्रकवर चढवण्याआधी मी काट्यावर घेतली. आकडा सांगितला तर सर म्हणाले, हवेतला नको, पाण्यातला सांगा. लोखंड बुडालं की त्याच्या वजनाचा सातवा-आठवा हिस्सा गळतो. मी विचारलं, नावांची अक्षरं धरून की सोडून? सर इतके हसले की शेखमामांनी ट्रकमधून डोकं बाहेर काढलं. मद्रासहून सरांचा फोन आला तेव्हा कळलं की चाकांना कांद्याचा असा वास लागला होता की खलाशी जेवणाची वेळ झाली समजून दोनदा खाली जाऊन आले. चाकं मात्र वेळेत गेली. आणि ठरल्या जागी तळाला बसली.

मग वर्षभर वाट बघणं आलं. त्या वर्षात सर रजेवर आले की लोक त्यांना चाकांची खुशाली विचारायचे. आबासाहेबांनी फोटो मागितला होता, तो मिळणार नाही हे कळल्यावर चाकं निघतानाचा ट्रकवरचा फोटो मोठा करून ऑफिसात लावला. दिवाळीत त्यांनी सरांना फराळाला बोलावलं, मीही होतो. आबासाहेबांच्या आई, बयाआजी, पलंगावर बसून होत्या. चिवड्याची बशी सरांच्या हातात गेल्यावर त्यांनी विचारलं, समुद्रात चाक टाकणारे ते तुम्हीच का. सर हो म्हणाले.

"आमच्या मालकांना पान्याचं लई भ्या हुतं," आजी म्हणाल्या. "हिरीच्या काठाला बी जात न्हवते. आन तुमी त्यांला समुंदरात नेऊन ठिवलं व्हय?"

हजरजबाबी सरांना एवढं गडबडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली. मग आजींजवळ स्टूल ओढून अगदी हळू सांगितलं, की भीती असते ती वरच्या पाण्यात; लाटा वर, वादळं वर, बोटी बुडतात त्याही वरच. खाली तसलं काही नाही. गार आहे, शांत आहे. आणि एकटे नाहीत ते, सोबत धोंडिबा आहेत.

"त्यो गागऱ्याचा?" आजींनी तोंडाला पदर लावला. आम्हाला वाटलं त्यांना वाईट वाटलं. पण त्या हसत होत्या. "पन्नास वर्सं बोलनं न्हवतं. आता काय करत्याल? बोलत्याल मुकाट्यानं."

पुढच्या वर्षी सरांना घेऊन जहाज पुन्हा गेलं. सरांच्या घरी फोन नव्हता, म्हणून त्यांचे निरोप आमच्याकडे यायचे. यंत्रं वर काढायच्या दिवशी विमलताई कॉलेजला गेल्या नाहीत, आमच्या बैठकीच्या खोलीत वाटाणे सोलत बसल्या. दुपारी फोन वाजला. मद्रासच्या कार्यालयातून कुणीतरी जहाजाचा निरोप वाचून दाखवत होतं. पहिल्या हाकेला आकड्याने उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्याला दिलं. गोळे वर आले, यंत्रं सगळी शाबूत. विमलताईंनी मान हलवली, आणि मग सोललेले वाटाणे त्यांनी टरफलांत टाकून दिले, आम्हा सगळ्यांना परत निवडावे लागले.

यंत्रांतल्या टेपवरचे आकडे वाचून व्हायला आणखी काही आठवडे गेले. तोवर आबासाहेबांनी कारखान्याच्या सभागृहात व्याख्यान ठरवून टाकलं होतं. मागे कापडी फलक, त्यावर आमच्या कारखान्याचा समुद्रात विजय असं काहीतरी. सर आदल्या संध्याकाळी आले ते थेट माझ्याकडे, आणि मला पाच किलो पेढ्यांची ऑर्डर द्यायला सांगितली. मी विचारलं, म्हणजे निघालं ना तुमचं खरं? ते म्हणाले, पेढे ताजे बघून घ्या.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. वाबळे एका बाजूला, गागरे दुसऱ्या. सरांनी फळ्यावर बंगालचा उपसागर काढला, तळाशी उत्तरेकडे जाणारा एक मोठा बाण काढला. म्हणाले, हे मी वीस वर्षं सांगत आलो. मग डस्टर घेतलं आणि बाण पुसला.

यंत्रांनी सांगितलं होतं ते असं. तळाचं पाणी दोनेक महिने उत्तरेकडे गेलं. मग मंदावलं, वळलं आणि दक्षिणेकडे गेलं. पुन्हा वळलं. वर्षभर असंच. आणि ते वळण्याचा वरच्या वाऱ्यापाण्याशी काहीतरी संबंध दिसत होता, उशिराने का होईना. "म्हणजे तळाच्या पाण्याला वरचं ऐकू येतं," सर म्हणाले. "मलाच ऐकू येत नव्हतं. मी चुकलो होतो."

सभागृहात कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. आबासाहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हंजी आमच्या वडलांचं नाव चुकीच्या कामाला लागलं म्हनायचं?"

"आबासाहेब," सर म्हणाले, "चाकं वर्षभर जागची तसूभर हलली नाहीत. ती हलली असती तर पाणी हललं की चाकं हलली, हे मला कधीच सांगता आलं नसतं. चुकलेला माणूस मी एकटाच. तुमचे वडील आणि अण्णांचे वडील, दोघंही बरोबर होते."

आता टाळ्या झाल्या. वाबळ्यांकडून झाल्या आणि गागऱ्यांकडूनही. पेढे वाटताना सरांनी पहिला पेढा आजींसाठी पुडीत बांधून आबासाहेबांकडे दिला. मला मात्र राहवलं नाही. वीस वर्षांचं बोलणं एका वर्षात पुसलं गेलं, आणि हा माणूस पेढे वाटतो, हा हिशेब मला जुळत नव्हता. मी तसं बोललो. ते म्हणाले, "भाऊसाहेब, माहीत नसताना मेलो असतो तर?"

विमलताई त्याच महिन्यात निवृत्त झाल्या आणि बिऱ्हाड किनाऱ्यावर गेलं. सामान भरलं त्या रविवारी सकाळी सर आमच्याकडे आले, त्रिवेंद्रमला एक फोन लावायचा म्हणून. अय्यरांना अजून कळवलेलं नव्हतं. पलीकडून आवाज आल्यावर त्यांनी इंग्रजीत, अगदी मृदू सुरात सांगितलं की पाणी एका दिशेने जात नाही, माझं चुकलं. मग थोडं थांबून सांगितलं की ते साठलेलंही नाही, तेव्हा तुझंही चुकलं. पलीकडे अय्यर हसले. ते हसणं रिसीव्हरमधून स्वयंपाकघरापर्यंत गेलं, बायको लाटणं घेऊन बाहेर आली. त्यानंतर दोघं एकाच वेळी बोलू लागले, आणि ते कितीतरी वेळ चाललं. सर मधेच रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले, अय्यरच्या वाट्याला अजून जहाजाचे थोडे दिवस आहेत. चल म्हणतोय बरोबर.

फोन ठेवून ते बाहेर पडले. मी खिडकीतून पाहत होतो. गेट लावून ते रस्त्याच्या मधोमध थांबले. त्यांनी उजवा तळहात आडवा धरून उत्तरेकडे हळूहळू नेला. थांबवला. कपाळाला आठ्या घालून तो सावकाश दक्षिणेकडे वळवला, आणि पुन्हा थांबवला. दूधवाल्याने मागून घंटी वाजवली. सर बाजूला झाले, त्याला जाऊ दिलं, आणि हात होता तसाच धरून परत रस्त्याच्या मधे येऊन उभे राहिले.